तक्रार नाही

मिनेसोटा, २ मे

ति. अर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

ऑक्टोबरात औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेतली, ती तिथल्या मुलीने फार वर, थेट खांद्याच्या सांध्यात टोचली. तेव्हापासून उजवा हात वर जात नाही. अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला, ऑर्डेलला, पलंगावरून खुर्चीत बसवणार कोण? लसीने इजा झाली तर सरकार देतं ती भरपाई मिळाली तर मदतीला बाई ठेवता येईल, नाहीतर त्याला शुश्रूषागृहात पाठवावं लागेल.

पण दुखणं दोन दिवसांच्या आत सुरू झाल्याचा पुरावा लागतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी आपल्या मिनेसोटाच्या लोकांसारखं ‘बरं आहे, कुरकुर कशाला’ म्हणाले आणि त्यांनी ‘तक्रार नाही’ असं लिहून ठेवलं! वकीलबाई विचारतात, तेव्हा कोणाला सांगितलं होतं का? दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला होता. तेवढं शपथपत्र देशील?

ऑर्डेलचा नमस्कार. लोभ असू दे, संकोचात टाकलं तरी.
तुझी व्हर्ना

अ‍ॅरिझोना, ११ मे

चि. व्हर्नास अनेक आशीर्वाद.

अगं, बाळंतकळा सोसतानाही नर्सला ‘तुम्ही दमला असाल’ म्हणणारी बाई तू! त्या फोनवर तू चर्चच्या केकविक्रीबद्दल भरभरून बोललीस. मी तब्येत विचारली, तर म्हणालीस, एकदम छान. खोटी शपथ माझ्याने घेववत नाही गं. सरकारी वकील उलटसुलट विचारतील, मी तिथेच रडेन. फार अपराधी वाटतंय.

पण मला, सख्ख्या बहिणीला, का नाही सांगितलंस? याचा मात्र राग आलाय.

रागातही माया तितकीच आहे.
तुझी ताई

मिनेसोटा, ९ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

वकीलबाईंनी दावा लढवायला नकार दिला. त्यांचंही खरंच आहे. मंगळवारी ऑर्डेलला शुश्रूषागृहात नेलं. न्यायला आलेल्या माणसालाच तो म्हणाला, तुम्हाला उगाच त्रास.

तू विचारलंस, का नाही सांगितलं. तुझा फोन आला तेव्हा ऑर्डेल शेजारीच बसला होता. मला दुखतंय हे कळलं असतं, तर त्याने मला हातच लावू दिला नसता, दिवसभर पलंगावर पडून राहिला असता. डॉक्टरांकडेही तो बरोबरच असायचा. त्याला घरात ठेवायचं म्हणून गप्प बसले आणि त्या गप्प बसण्यानेच त्याला घालवला.

आता शेजारी कोणी नाही, म्हणून लिहिते. ताई, दुखतंय गं. फार दुखतंय.

तुझी व्हर्ना