खुणेपर्यंत पाणी

प्रिय टिटवी,

आजीचं पत्र बघून हसू नकोस. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून सही आणि वाण्याची यादी एवढंच माझं लिखाण. ऱ्हस्वदीर्घ तुझं तू बघून घे. तुझ्या बापाचा गुडघा बरा आहे. कुरकुर वाढली आहे, म्हणजे प्रकृती उत्तम.

तू चांगली नोकरी सोडून फोनवर वस्तीच्या बातम्यांचं पान चालवायला लागलीस, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, की पोरगी चकाट्या पिटते आणि त्याला पत्रकारिता म्हणते. पाणी कधी येणार, रस्ता कुठे खणलाय, कुणाचं मांजर हरवलं, हे सांगायला फोन कशाला, मी होते की! त्यात तुझी ती तऱ्हा, ज्याच्याबद्दल लिहायचं त्यालाच आधी जाऊन विचारायचं. असं विचारत बसलं तर चहाडी करायची कधी, असं मी तुझ्या तोंडावर म्हटलं होतं.

मग मंगळवार उजाडला. मी दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत उभी होते. खिडकीतून दिसलं, कंपाउंडर बाई लहान मुलांच्या औषधाच्या बाटल्यांत किटलीतलं पाणी ओततेय. पाणी घालायचं, झाकण लावायचं, खळाखळा हलवायचं. घरी आले, फोनवरचं बोलायचं बटण दाबलं आणि आमच्या नऊ बायकांच्या ग्रुपवर सांगून टाकलं, की बायांनो, पोरांच्या औषधात पाणी घालतात, या डोळ्यांनी पाहिलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

चार वाजता बसथांब्यापाशी एक अनोळखी माणूस फोन कानाला लावून उभा होता आणि त्यातून मी बोलत होते. जन्मभर जिभेचा पट्टा चालवला गं, पण माझं बोलणं माझ्याआधी कुठे जाऊन पोचलंय, असं कधी झालं नव्हतं.

माणसं धावत होती तिकडे मीही गेले. दवाखान्याचं दार आतून बंद, बाहेर शंभरेक माणसं दारावर थापा मारतायत, आत ती बाई एकटी. माझ्यासमोर एका आईनं औषधाची बाटली गटारात रिकामी केली. कडेवरचं पोर तापानं लाल झालेलं. मी तोंड उघडायला हवं होतं. ज्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, त्याला ते नेमकं तेव्हा लागलं.

आणि तू आलीस. लोकांनी तुझ्या नाकासमोर फोन धरले, हे तुझ्या पानावर टाक, आत्ताच्या आत्ता. तू म्हणालीस, ऐकलंय, पण अजून पाहिलं नाही. कुणी म्हणालं डॉक्टरची चमची, कुणी त्याहून घाण. तुझ्या जागी मी असते तर एकेकाचे कान उपटले असते. तू सरळ बाईला हाक मारलीस आणि तिनं फटीतून तुला आत घेतलं. बाहेर आलीस ती समोरच्या औषधाच्या दुकानात. मग परत आत. मग तुझ्या पानावर ते आलं. बाईला विचारून काढलेला फोटो, त्यात तिचे फक्त हात, तळाशी पावडर असलेली कोरी बाटली, तिच्यावरची खूण, आणि खुणेपर्यंत घातलेलं उकळून गार केलेलं पाणी. औषध असंच तयार करायचं असतं, वेष्टणावर तसं छापलेलंच आहे. एकाही पोराचा चेहरा नाही. खाली तू लिहिलंस, बाटल्यांच्या तारखा अजून तपासायच्या आहेत, तपासून सांगते.

मी मनात म्हटलं, मूर्ख कुठली, जे ठाऊक नाही ते कशाला सांगायचं? पण लोकांनी ती ओळ एकमेकांना वाचून दाखवली आणि हात खाली आले. काय नाही माहीत ते सांगणारीवर माणसं विश्वास ठेवतात, हे मला या वयात कळलं. ती आई नवी बाटली घ्यायला परत आली. पोर आता बरं आहे.

आता मुद्द्याचं. तो आवाज तुला त्या दिवशी तीनदा ऐकवला गेला आणि तुझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. माझ्या मांडीवर वाढलीस, आजीचा आवाज ओळखला नाही म्हणतेस? तरी लिहिलंस, आवाज कुणाचा ते समजलं नाही. दोन वर्षांत तू लिहिलेलं तेवढंच एक खोटं, आणि ते माझ्यासाठी. पण आपल्या खालच्या मजल्यावरची शिवणवाली माझ्यासारखीच घोगरी. लोकांनी तिलाच धरलंय. चार जणींनी शिवायला दिलेलं कापड परत नेलं. काल मी तिच्याकडे जाऊन सांगितलं, मीच ती. तिनं माझ्या तोंडावर दार लावलं, बरोबर केलं. पण एका दारात सांगून भागत नाही, आवाज सगळीकडे गेलाय. तेव्हा उद्या लिही, ही माझी आजी. ‘एक वृद्ध महिला’ असलं गुळमुळीत काही लिहिलंस, तर माझ्याशी गाठ आहे.

तुझीच,
त्या आवाजाची धनीण
आजी