वेगवान गाडीनं औरंगाबाद

४ जुलै १९७६, जिंतूर
कोकिळाला नर्सिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. तेरा तारीख, दुपारी दोन, औरंगाबाद. आमच्या वस्तीतली पहिलीच पोरगी. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. तिला न्यायची जबाबदारी अर्थात बापाची, म्हणजे माझी. रेल्वेचं टाइमटेबल सगळ्या पंचायत समितीत माझ्याइतकं कुणालाच पाठ नाही.

कोकिळाची आई म्हणाली, हितून औरंगाबादला सरळ यस्टी हाय की. शांतपणे समजावलं. एसटी गावोगावी थांबते. आपण परभणीला जाऊन एक्स्प्रेस धरायची. ती म्हणाली, परभणी उलट्या अंगाला हाय. म्हटलं, वेग महत्त्वाचा.

७ जुलै
जपानात गाडी ताशी दोनशे किलोमीटरनं धावते. जेवताना सांगितलं. कोकिळाच्या आईनं विचारलं, मग तिथली माणसं चढतेत कवा? अज्ञान.
उद्यापासून रोज पहाटे चारला उठायचं. सराव.

८ जुलै
साडेसातला उठलो. गजर वाजला नसावा.

१० जुलै
ऑफिसच्या कामानं चारठाण्याला. परत निघताना एसटी बराच वेळ उभी, कारण माझा चहा व्हायचा होता. लांबून हात वर केला की कंडक्टर किशनराव थांबतात. आजही म्हणाले, तात्याराव, निवांत घ्या, तुमच्याबिगर गाडी हालत न्हाई. अशा ढिलाईनंच देश मागे राहिला. रेल्वे मात्र हल्ली घड्याळावर सुटते. पेपरात रोज येतंय.

१२ जुलै, संध्याकाळ. परभणी स्टेशन
सकाळची एसटी एक्स्प्रेसला पोचत नाही, म्हणून आजच आलो. रात्र वेटिंग रूममध्ये. याला मुक्काम म्हणता येणार नाही.
कोकिळाचे सगळे दाखले माझ्या पिशवीत. निघताना तिच्या आईनं स्वतः पिशवी भरली, तोंड सुतळीनं आवळलं आणि म्हणाली, पोटाशी धरून बसा. बाईमाणसाला काळजी असतेच. कोकिळा खाली मान घालून हसली. पोरगी घाबरलीय.

१३ जुलै, सकाळ. फलाटावर
गाडी वेळेवर आली. कोकिळाला खिडकी मिळाली. तिकिटं तिच्याकडे, पिशवी माझ्या काखेत. म्हटलं, ड्रायव्हरला जास्तीत जास्त वेग विचारून यावं. ती म्हणाली, अप्पा, नका जाऊ. तरी गेलो. तो काही सांगणार, तोच शिट्टी झाली. मी गार्डाला हात वर केला. त्यानंही हसून हात हलवला. म्हटलं, थांबतोय. मग आमच्या डब्याकडे चालत निघालो. पळायला हवं होतं. मी कुणाला तरी पोचवायला आलोय, असं त्याला वाटलं असणार.
गाडी गेली. कोकिळा खिडकीतून ओरडून काहीतरी सांगत होती. ऐकू आलं नाही.
दाखले माझ्याकडे.

तेरा तारीखच, दुपार. पॅसेंजरमध्ये
ही गाडी प्रत्येक बाभळीजवळ थांबते. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं. दोन वाजून गेले.
सकाळपासून पोटात काही नाही. पिशवी सोडलेली नाही. वारा आहे, कागद उडायचे. समोरच्या म्हातारीनं विचारलं, कवाचं पोट धरलंय बाबा, दुखायलंय का? म्हटलं, हो. ती शेंगदाणे द्यायली होती. घेतले नाहीत.
पोरगी आत्ता त्या साहेबांपुढे रिकाम्या हातानं उभी असेल. दहावीचा अभ्यास तिनं चुलीच्या उजेडात केला. मी तेव्हा टाइमटेबल वाचत असायचो. कंदील माझ्याकडे असायचा.

१४ जुलै, औरंगाबाद
काल दिवेलागणीला मेव्हणीच्या घरी पोचलो. तिथंच उतरायचं ठरलं होतं. कोकिळा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पाणी आणलं. निवड झालीय. एक ऑगस्टला हजर व्हायचं.
मी पिशवी पुढे केली. तिनं घेतली नाही. दाखले तिच्याच पिशवीत होते. परवा निघतानाच आईनं ठेवलेले.
खिडकीतून काय सांगत होतीस, विचारलं. म्हणाली, तुमच्या पिशवीत भाकरी हाय, खाऊन घ्या म्हणत होते.

परत जिंतूरला सरळ एसटीनं जायचं ठरलंय. मला कुणी विचारलं नाही.
सुतळी सोडली. ठेचाही होता. भाकरी कडक झाली होती. खाल्ली.