सेल्मरच्या मनगटावरचा पट्टा

हाल्व्हर, नॉर्थ डकोटा
२ मार्च २००६

प्रिय इनेझ हिस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि संत्र्यांची पेटी एकाच दिवशी पोचली. सेल्मरनं संत्री खिडकीत ओळीनं मांडली, बोट लावून मोजली आणि एक गैरहजर आहे म्हणून कुरकुरत बसला. ते मी खाल्लं होतं. एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसापुढे खोटं कसं बोलणार? कबूल करून टाकलं.

फोनवर सांगितलं नाही, कारण तू रडली असतीस आणि मग मीही. तुझा भाऊ गेल्या महिन्यात दोनदा घरातून निघून गेला. दोन्ही वेळा दुपारी, बस काढायच्या वेळेला. दुसऱ्यांदा अंगात कोट नव्हता. टपालवाली त्याला गाडीत घालून घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, आता त्याला गावातल्या वृद्धाश्रमात हलवा, तिथं एका भागाला कुलूप असतं. मी नाही म्हटलं. तो या घरातच राहील. मग त्यांनी मला शेरीफच्या ऑफिसात पाठवलं.

तिथं चोरांनी नाहीतर ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांनी जायचं, अशी माझी समजूत होती. रांगेत पुढे एकजण बोटांचे ठसे द्यायला आला होता. एक बाई नवऱ्याच्या उरलेल्या औषधाच्या गोळ्या पेटीत टाकायला आल्या होत्या. माझा नंबर आल्यावर फॉर्म मिळाला. उंची, वजन, बुटाचं माप, कुठल्या नावानं हाक मारली की वळून बघतो. शेवटचा प्रश्न होता, याला कुठं जायला आवडतं? मी लिहिलं, जिथं मुलं वाट बघत असतील तिथं.

परवा डेप्युटी कर्टिस घरी येऊन सेल्मरच्या मनगटावर पट्टा बांधून गेला. पट्ट्यात एक यंत्र आहे. सेल्मर हरवला की हे लोक अँटेना घेऊन निघतात आणि यंत्राच्या आवाजामागे जातात. पट्टा निघत नाही, कापावाच लागतो. बॅटरी साठ दिवस चालते. साठाव्या दिवशी कर्टिस येणार, बॅटरी बदलणार, नवा पट्टा बांधणार. हा कर्टिस म्हणजे बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसून चघळलेलं च्युइंगम खिडकीला चिकटवायचा तोच. सेल्मरनं त्याला ओळखलं. आज बस का चुकवलीस म्हणून झापलं. कर्टिस एवढा सहा फुटी माणूस, टोपी हातात घेऊन म्हणाला, उद्या वेळेवर येतो.

तू रागावशील हे ठाऊक आहे. रागावून झालं की लिही. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
आर्डिस

*

टूसॉन, ॲरिझोना
१३ मार्च २००६

चि. आर्डिस हिस,
अनेक आशीर्वाद. (चार वर्षांनी मोठी आहे. तेवढा हक्क बजावू दे.)

रागावून झालेलं नाही, तरी लिहितेय. आपल्याकडे गुरांच्या कानात बिल्ला मारतात. सेल्मर लहानपणी त्या दिवशी धान्याच्या कोठीत लपून बसायचा, वासरांचं ओरडणं ऐकवायचं नाही म्हणून. लग्नात तू दिलेलं घड्याळसुद्धा त्यानं कधी हातात घातलं नाही. मनगटाला काही लागलं की त्याला गुदमरतं. हे तुला मी सांगायला नको.

मला इथं लांब बसून बोलायला काय जातं, असं तू म्हणशील. म्हण. तुला शाळेच्या वसतिगृहात मी माझ्या खोलीत जागा दिली नसती, तर तू माझ्या भावाला पाहिलंही नसतंस. तेव्हा मैत्रीण आधी, नणंद नंतर. आणि मैत्रीण म्हणून विचारते, तुझी झोप होते का?

काल शेजारणीनं विचारलं की तुमचा भाऊ कसा आहे. बरा आहे, म्हटलं. सकाळचे दोन कप कॉफी होईपर्यंत मी काहीही बोलते, तुला माहीतच आहे.

राग आहे, पण लोभ त्याहून जुना आहे.

तुझी,
इनेझ

*

हाल्व्हर
६ ऑगस्ट २००६

प्रिय इनेझ हिस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पट्ट्याबद्दल तू पुन्हा काही लिहिलं नाहीस, म्हणून मीही नाही लिहिलं. आता लिहावं लागतंय. मंगळवारी तो पुन्हा गेला. मी फोन केला, कर्टिस आला, गाडीच्या टपावरून अँटेना फिरवली आणि सरळ शेजारच्या हॉगनच्या सूर्यफुलांच्या शेतात शिरला. बावीस मिनिटं लागली, इनेझ. मी घड्याळ बघत होते. सूर्यफुलं त्याच्या डोक्यापेक्षा उंच झालीत. पट्टा नसता तर पीक काढताना सापडला असता. कर्टिसला म्हटलं, बाबा, तुझ्या च्युइंगमचे सगळे गुन्हे माफ.

तुझं एक खरं आहे. मनगट सोललंय. तो दिवसभर पट्टा ओढत बसतो. मी खाली मऊ कापड घालते, तो ते काढून नीट घडी करून परत माझ्या हातात देतो. मग मी स्वयंपाकघरात जाते.

झोपेचं विचारलं होतंस. नाही होत. दाराची कडी वाजली असं सारखं वाटतं. दिवसाही घरात कधी शांत नसतं. तो बोलत असतो, किंवा मी त्याच्याकडे कान लावून असते.

ऑक्टोबरात ये. मला सोबत होईल. त्याला तू आठवतेस की नाही, हे मी सांगू शकत नाही. परवा त्यानं मलाच विचारलं, बाई, तुमचा थांबा कुठला?

लोभ कागदावर नको, प्रत्यक्ष घेऊन ये.

तुझी,
आर्डिस

*

टूसॉन
२० ऑगस्ट २००६

चि. आर्डिस हिस,
अनेक आशीर्वाद.

तिकीट काढलं. अठरा ऑक्टोबरला मायनॉटला उतरते, सव्वीसला सकाळी परत. आठ दिवस तू झोप, त्याच्याकडे मी बघते. बटाट्याच्या पोळ्या मी लाटीन. तुझ्या जाड होतात, हे चाळीस वर्षं सगळ्यांनी तुझ्यापासून लपवलं आहे.

त्याला जुन्या घरी न्यावं म्हणते. घर पडलं असलं तरी बाबांनी वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली झाडं आहेत ना अजून? तिथं तो मला ओळखेल असं मला उगाच वाटतं.

लोभ घेऊन येतेच आहे. जागा करून ठेव.

तुझी,
इनेझ

*

टूसॉन
९ नोव्हेंबर २००६

प्रिय आर्डिस,

आज आशीर्वाद लिहीत नाही. लिहायचा मला अधिकार नाही.

सेल्मरच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात केक-कॉफी चालू असताना तू सगळ्यांना सांगत होतीस की त्यानंच कात्री घेऊन पट्टा कापला असणार. मी शेजारी उभी होते, हातात केकची बशी होती.

पट्टा मी कापला.

सव्वीसच्या सकाळी तू माझ्या भाड्याच्या गाडीत बॅग ठेवायला गेलीस. तो टेबलाशी बसला होता. आठ दिवसांत त्यानं मला तीन नावांनी हाक मारली होती, एकदा आईच्या. जुन्या घरी नेलं तेव्हाही त्या झाडांना हात लावत फिरला, माझ्याकडे बघितलं नाही. त्या सकाळी मात्र त्यानं मनगट पुढे केलं आणि म्हणाला, ताई, हे काढ.

ताई म्हणाला, आर्डिस.

कर्टिस चार वाजता बॅटरी बदलायला यायचाच होता. जुना पट्टा कापून नवा बांधायचाच होता. म्हटलं, सकाळपासून चारपर्यंत हात मोकळा राहील, एवढंच. तुझ्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, पट्टा डब्यात बटणांखाली ठेवला, त्याच्या शर्टाची बाही खाली ओढली. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून सांगितलं नाही. विमानतळावरून फोन करून सांगायचं ठरवलं होतं. तिथं कॉफीची रांग लागली होती. मग विमानाची वेळ झाली.

कर्टिसला ठाऊक आहे, असं मला वाटतं. तळघरात त्यानं मला कप भरून दिला आणि काही विचारलं नाही.

मी पुन्हा तिकडे येणार नाही. माझ्या येण्यानं काय झालं ते झालं. लोभाची मागणी करत नाही.

इनेझ

*

टूसॉन
१८ डिसेंबर २००६

प्रिय आर्डिस,

उत्तराची अपेक्षा नव्हती, तरी रोज टपालपेटी उघडून बघते.

संत्री पाठवली आहेत. परत पाठवलीस तर मला समजेल. ठेवलीस तर खा.

इनेझ

*

हाल्व्हर
२४ फेब्रुवारी २००७

प्रिय इनेझ हिस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

संत्री खाल्ली. मोजली नाहीत.

तुझं पत्र तेरा नोव्हेंबरला मिळालं. वाचलं आणि शिवणाच्या डब्यात ठेवलं. बटणांखाली. दोन महिने मी तुझ्यावर रागावले होते. खूप रागावले होते. आणि तो राग मला सोयीचा होता. आज त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

तू गेल्यावर आम्ही जेवलो. मी भांडी घासून बाहेर आले तर दार उघडं होतं आणि त्याचे बूट नव्हते. घड्याळात सव्वा वाजला होता. मी फोनकडे गेले नाही.

पट्टा आहे, असं मनात म्हटलं. ऑगस्टात बावीस मिनिटं लागली होती. हवा बरी होती, अंगात कोट होता. घर शांत होतं, इनेझ. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी कॉफी केली, पाहुण्यांसाठीचा कप काढला आणि खिडकीशी बसले. दुसरा कप केला. कुणी मला काही विचारत नव्हतं. तीन वाजता उठले आणि फोन केला.

फोनवरच्या बाईनं विचारलं, शेवटचं कधी पाहिलं? मी म्हटलं, अडीच वाजता. सव्वा वाजता गेला आणि मी कॉफी पीत बसले, हे मला अनोळखी बाईला सांगवेना.

कर्टिस आला. अँटेना फिरवली तर यंत्राचा आवाज घरातूनच येत होता. तो आत आला, शिवणाच्या डब्यापाशी थांबला, पट्टा उचलला, कापलेलं टोक बघितलं आणि खिशात ठेवला. साडेतीनला त्यानं सगळ्या रस्त्यांवर गाड्या उभ्या केल्या, म्हणजे त्यानंतर सेल्मर पुढे निसटणार नाही. मग टेबलावर नकाशा पसरून वर्तुळ काढलं. अडीच ते साडेतीन, एका तासात म्हातारा माणूस अडीच मैलांपलीकडे जात नाही, म्हणजे तो या वर्तुळातच असणार, असं म्हणाला. सगळं गाव वर्तुळात शोधत होतं. हॉगननं वाळलेली सूर्यफुलं आडवी पाडली.

संध्याकाळी तुझा फोन आला. जुन्या घरी बघा, म्हणालीस. कर्टिस म्हणाला, ते पाच मैलांवर आहे, वेळेत बसत नाही. मी तिथंच उभी होते, हातात बशा होत्या. तशीच, जशी तू तळघरात उभी होतीस. सात वाजता बर्फ पडायला लागलं.

उजाडता उजाडता मी कर्टिसला खरी वेळ सांगितली. मग त्यानं खोडरबर घेतलं, वर्तुळ पुसलं आणि मोठं काढलं. जुनं घर त्याच्या आत आलं. नऊ वाजता त्यांना सेल्मर झाडांच्या रांगेत सापडला. बुंध्याला टेकून बसला होता, उजवी बाही वर सरकवलेली. मनगट मोकळं होतं.

कर्टिसनं कागदावर काय लिहिलं, मला माहीत नाही. गावात कुणी काही बोलत नाही, म्हणजे फारसं लिहिलं नसावं. तळघरात मी कात्रीची गोष्ट का सांगत होते, ते आता तुला कळेल. कात्रीबद्दल बोललं की वेळेबद्दल कुणी विचारत नाही.

तू पट्टा कापला नसतास तर तो वाचला असता. मी खरी वेळ सांगितली असती तरी वाचला असता. मी पुष्कळ विचार केला. एकातून दुसरं वजा होत नाही.

काल कर्टिस आला होता. साठ दिवस झाले म्हणून. नाताळच्या दिवशीही आला होता. कॅलेंडरवर खूण केलेली आहे, ती कशी पुसायची ते कळत नाही म्हणाला. बॅटरी नाही, पट्टा नाही, दोघं नुसते बसलो. या वेळी त्यानं एक फॉर्म आणला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ऑफिसातून रोज सकाळी आठ वाजता फोन येतो. दोनदा उचलला नाही तर माणूस घरी येतो. मी त्याला म्हटलं, मला रोज आठला माझ्या नणंदेचा फोन येतो. त्यानं फॉर्म घडी करून खिशात ठेवला, पण माझ्याकडे बघून घेतलं. खोटं त्याला लगेच कळतं आता.

ते खोटं राहू देऊ नकोस. माझ्याकडे आठ म्हणजे तुझ्याकडे सात. बोलायला काही नसलं तरी चालेल. हजर म्हण, मी हजर म्हणेन.

आणि एखाद्या दिवशी मी फोन उचलला नाही, तर लगेच ऑफिसला कळव. आधी कॉफी करत बसू नकोस.

तुझी,
आर्डिस