खालच्या ओळीतलं वजा

ता. १

आणि शाळा मी सोडली हे म्हणणंच मुळात खोटं आहे. शाळेनं मला सोडलं. दादाला दहा वर्षं हेच सांगतोय, पण पालथ्या घड्यावर पाणी. निघताना गाडीच्या पायरीवर एक पाय असतानाही ऐकवलंच, की आठ दिवसांत परत येशील, पैज लाव. तेही हिच्यासमोर. हिला नववा लागलाय आणि हा पैजा लावतोय!

तर दादा, आलो बरं का. जागा झकास आहे. वेळ मोजायचं केंद्र, टेकडीवर दुमजली पांढरी इमारत, छतावर भूछत्रांसारख्या पांढऱ्या टोप्यांच्या अँटेना. खाली तळघरात यंत्रं. त्याच्याच बाजूला माझी खाट, खिडकी नाही पण थंडगार. ही वही हिनं दिली. रोज दोन ओळी लिहा म्हणाली, अक्षर सुधारेल.

ता. २

हाताखाली घेणारे म्हातारे तंत्रज्ञ आहेत. त्यांना सगळे नॅनोमामा म्हणतात, कारण ते नॅनोसेकंदाशिवाय बोलत नाहीत. चहाला उशीर झाला तर म्हणतात, किती अब्ज झाले रे?

काम त्यांनी असं सांगितलं. वेळ वरून येते, उपग्रहाकडून. येताना अँटेनात थोडी रेंगाळते, तारेत थोडी, डब्यात थोडी. एक मीटर तारेला पाच नॅनोसेकंद. प्रत्येकानं किती अडकवली ते मोजायचं, तक्त्यात भरायचं आणि वजा करायची. मग वेळ खरी. मी म्हटलं, एवढ्याशा चुकीनं कुणाचं काय अडलंय? तर म्हणाले, एका नॅनोसेकंदाला फूटभर अंतर चुकतं, दहा लाखांना तू कुठल्या कुठे जाशील.

हिला फोन केला. खूप हसली. म्हणाली, तुम्हाला वेळ सांभाळायला ठेवलंय? देव त्यांचं भलं करो.

ता. ५

तक्ता पडद्यावर रोज अकरा ते सव्वाअकरा उघडतो, मग आपोआप बंद. आज मामा छतावर होते, मी एकटाच होतो. अँटेना, तार, डबा यांचे आकडे आधीच भरलेले. सगळ्यात खाली एक ओळ आहे, 'माणूस'. मामांनी बजावलं होतं, ती कोरी ठेव. का, विचारलं तर तारा गुंडाळायला लागले. पूर्वी माणूस दिवा बघून बटण दाबायचा, तेव्हा त्याचाही उशीर मोजायचे, एवढंच बोलले.

हात कुठे गप्प बसतात माझे. दिवा लागला, बटण दाबलं. पाव सेकंद आला. लिहून टाकला खालच्या ओळीत. वजा करायची असते म्हणून आकड्याआधी आडवी रेघही मारली. दादा, बघ, तक्त्यात आहे मी!

ता. ८

खालची ओळ आपली आपणच बदलते. परवा अर्धा, काल एक, आज दोन सेकंद. मामांना सांगितलं नाही, शिव्या बसतील.

फोनवर ही सारखी हॅलो हॅलो करत होती. मी लगेच बोलत होतो तरी.

ता. १२

बत्तीस सेकंद.

आजचा फोन म्हणजे तमाशा. तिनं विचारलं जेवलात का, मी हो म्हणालो. गप्प. मग म्हणाली पाय सुजलेत, जाऊ का डॉक्टरकडे? आणि तेवढ्यात तिला माझा जेवल्याचा हो ऐकू आला. मी म्हणत होतो कसले सुजलेत, किती सुजलेत, आणि ती आधीच पुढच्या गोष्टीवर. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, अहो, रागावलात का माझ्यावर?

रागावलो नाही ग.

ता. १३

सकाळी जिना उतरून स्टुलावर बसलो. मामा समोर. मी राम राम केला, ते तोंड वर करेनात. अर्ध्या मिनिटानं जिन्यावर पावलं वाजली. चपलेचा सुटलेला पट्टा फटफटत होता. माझ्या चपलेचा.

मामा दाराकडे बघून हसले आणि म्हणाले, ये, आज लवकर?

मी स्टुलावरच होतो. दाराकडे बघायची हिंमत झाली नाही.

ता. १८

चौतीस मिनिटं. ओळ रोज दुप्पट होते. मी बोलतो ते अर्ध्या तासानं पोचतं. मला मात्र सगळ्यांचं तेव्हाच्या तेव्हा ऐकू येतं. माझ्याकडून जे निघतं तेवढंच अडकतं.

मामा रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. अरे, तोंड असं का उतरलंय, घरची आठवण येते का? मी त्यांच्या पाठीशी उभा राहून खांदा हलवत होतो. अर्ध्या तासानं त्यांनी दचकून खांदा झटकला.

ता. २२

नऊ तास. लिहिलेलं लगेच दिसत नाही. पान कोरंच राहतं, सकाळची शाई संध्याकाळी उमटते. ताट पुढ्यात आहे तसंच भरलेलं. मी तर जेवलोय.

माझा फोन वाजतो. मी उचलतो. तो वाजतच राहतो.

ता. २४

छत्तीस तास झाले. आज तळघरातल्या कचेरीच्या फोनवर ही बोलली. तो कुणी उचलला नाही की पाच घंट्यांनी आपोआप उघडतो आणि आवाज खोलीभर येतो. बाळ आडवं आहे. डॉक्टर म्हणतात दोन दिवसांत मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर दोघांचा भरवसा नाही. दादा गाडी आणून उभा आहे म्हणे. पण ती निघत नाही. हट्टी आहे, पहिल्यापासून. म्हणते, भावजींच्या सांगण्यावरून पोट कापून घेणार नाही, तुम्ही एकदा जा म्हणा, मग मी निघते. मला भीती वाटते हो. नुसतं एकदा जा म्हणा.

जा. जा. जा म्हटलं ना ग मी! घसा बसेपर्यंत ओरडलो. फोन बंद झाला.

माझा जा या खोलीत परवा पोचेल. तेव्हा फोनच्या पलीकडे कोण असेल?

ता. २५

कळलं. देवा, कळलं.

दुसऱ्या केंद्रावरून एक तंत्रज्ञ आलाय. मामा त्याला सांगत होते की आकडा नुसता लिहायचा, वजा करायचं काम यंत्र स्वतः करतं. आपण वर आणखी वजाची रेघ मारली तर वजा वजा अधिक. उशीर जाण्याऐवजी रोज तेवढाच वर चढतो. दोघं हसले. म्हणाले, असला गाढव कोण असणार?

मी आहे मामा. मीच तो गाढव.

तक्ता उघडा होता. रेघ पुसायला बटण दाबलं, दहादा दाबलं. पडद्यावर काही हललं नाही. तीन दिवस आणि पाऊण तास झालाय आता. माझं दाबणं पोचेल तेव्हा तक्ता बंद झालेला असेल.

मामांच्या कानाशी ओरडलो, मामा, खालची ओळ पुसा, पाया पडतो. ते पान चघळत बसले होते.

ता. २६

दोन दिवस संपले. फोन नाही.

ता. २८

चोवीस दिवस.

आज मी मला पाहिलं. परवाच्या आदल्या दिवसाचा मी. मामांच्या कानाशी वाकून ओरडत होता. मामांच्या हातातला कप पडला. मला वाटलं, ऐकलं! आता पुसतील! पण ते पांढरेफटक पडून मागे सरकत गेले. तोंडानं एवढंच, की हाही गेला, हाही गेला. म्हणजे आधी कुणीतरी — दार ओढलं. बाहेरून कुलूप.

तो, म्हणजे मी, पडद्यावरचं बटण दाबायला परत वळला. त्याला अजून वाटतंय की होईल.

ता. ३०

सत्त्याण्णव दिवस.

फोन उघडला. दादा. मुलगी झाली. दोघी जिवंत आहेत. सव्वीस तारखेला हिचं काही न ऐकता उचलून गाडीत घातलं म्हणे. ती सारखी ओरडत होती, थांबा, ह्यांचा फोन येईल. दादा म्हणाला, तुझ्या शब्दाची वाट बघितली असती तर दोन चिता रचल्या असत्या. मग आवाज बदलून म्हणाला, कुठे आहेस रे? काय झालंय? काही केलंस का? सांग की मला, मी येतो घ्यायला.

दादा, ये. लगेच ये. खालची ओळ —

मागून तिचा आवाज आला, ऐकताय ना हो? बाळ रडत होतं. बारीक.

मी रिसीव्हर हातात धरून बसलोय. रिसीव्हर जागेवरच आहे.

ता. १

वर्ष आणि वर तेवीस दिवस. भूक लागत नाही. तीही मागे राहिली असेल.

ता. २

दोन वर्षं. दार उघडलं. म्हणजे कुलूप असतानाही ओढलं. उघडेल तेव्हा —

दादा आला होता. वर पावलं ऐकली, बोलणं ऐकलं. मामा सांगत होते की पोरगा न सांगता निघून गेला. दादा म्हणाला, तसा नाही तो. दादा असं म्हणाला! मी आतून दार बडवलं. हाताची सालं निघाली. आवाज नाही. गाडी गेली.

ता. ४

साडेआठ वर्षं. पानं कोरी आहेत. कुठवर लिहिलं ते बोटानं चाचपतोय.

ता. ५

अकराला नऊ मिनिटं कमी.

पोरी, तुझं नाव मला माहीत नाही. आत्ता ठेवलं तर तुला साडेआठाव्या वर्षी मिळेल. अकरा वाजले की सतराव्या. म्हणून घाई. अक्षर वाईट आहे, शाळेनं —

राहू दे ते. आईला सांग, मी जा म्हणालो होतो. लगेच म्हणालो होतो. पहिल्या हाकेला. काकाला सांग —

या खोलीत कुणी येऊ नका. माझं ओरडणं अजून यायचंय. एकेक करून येईल, ऐकू नका. आलातच तर खालची ओळ, आडवी रेघ, एवढीच —

तीन मिनिटं. खिशात उचलीचे पैसे आहेत, ते सगळे वहीत ठेवतो. शाळेसाठी. एखादा फ्रॉक. साडेआठ वर्षांच्या मुलीला केवढा लागतो मला ठाऊक नाही.

अकरा. दिवा लागला.

थांब. नोटा मोजतोय, थांब — पाठवतोय बाळा — अठरा हजार सहा