ताई मागून येतेय

दि. ४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळे बरे असाल. वहिनींचा खोकला गेला का? त्या अंगावर काढतात, तू जरा डॉक्टरकडे घेऊन जा.

मी सुखरूप पोहोचले. दुकानाशेजारच्या घड्याळवाल्याकडे तुझ्यासाठी निरोप ठेवला होता, तो मिळाला असेल. फोन बिघडलेला नाही, मी बंद ठेवलाय. फोनवर तू बोलतोस, मी 'हं' म्हणते आणि फोन ठेवल्यावर मला कळतं की आपण कशाला तरी होकार देऊन बसलो. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात मला मध्येच कोणी तोडत नाही. न सांगता निघाले म्हणून चिडला असशील, तर चीड.

गाव लहान आहे. नदीवर एक दगडी पूल, पुलाच्या या टोकाला पोस्ट आणि त्या टोकाला न्हाव्याचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की न्हावी कठड्याला टेकून पाण्यात बघत बसतो, आणि कोणी आलं की वस्तरा शोधत धावतो. नदी मला वाटली होती तेवढी रुंद नाही. अंगानं बारीक आणि आवाज मोठा. कोणाची आठवण झाली ते लिहीत नाही.

इथून वाट दरीत शिरते. कधी नदीच्या काठाने, कधी शेताच्या बांधावरून, कधी झाडीतून. मध्ये मध्ये शेतकऱ्यांची घरं आहेत, तिथे चालणाऱ्यांना रात्रीपुरती खोली आणि जेवण मिळतं. तुम्ही एका घरून निघालात की ते लोक पुढच्या घरी फोन करून सांगतात, अमुक इतके निघालेत. आणि शेवटचं माणूस पोहोचेपर्यंत पुढच्या घरचे लोक दाराला कडी घालत नाहीत. लॉजवाल्या काकांनी हे मला फार अभिमानाने सांगितलं. "आमच्या दरीत अजून कोणी हरवलं नाही," म्हणाले.

बुकिंग गेल्या वर्षीच झालेलं होतं आणि दोनदा पुढे ढकललं होतं, ते तुला माहीत आहे. मी ते फक्त रद्द केलं नाही. काका म्हणाले, "दोघी ना? दुसऱ्या बाई कुठायत?" मी म्हटलं, "मागून येतेय." त्यांनी दोन टॉवेल दिले. खोलीत दोन खाटा आहेत. खिडकीजवळची मी घेतली नाही.

आता तुझ्या ठरवण्याबद्दल. पुढच्या पहिल्या तारखेपासून चष्म्याचं दुकान त्या मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचं आणि मी तुमच्याकडे राहायला यायचं, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत. तू माझ्या भल्यासाठीच म्हणतोस, याबद्दल शंका नाही. पण मी अजून हो म्हटलेलं नाही, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
धाकटी


दि. ६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. हे पत्र गोठेवाल्यांच्या ओट्यावर बसून लिहितेय. दुधाची गाडी सकाळी खाली जाते, तिच्याबरोबर पाठवीन.

काल दिवसभर चालले. पाय भरून आलेत, पण तुला वाटतं तशी मी काही काचेची नाही. वाटेत कुंपणांना लाकडी फाटकं आहेत. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर आपण आत गेल्यावर बंद करायचं, एवढा एकच नियम. बाकी कोणी काही विचारत नाही. एका मळ्यात कोबीच्या रांगांमध्ये दोन बायका खुरपत होत्या. मला बघून एक म्हणाली, "एकट्याच?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मज्जा आहे!" आणि पुन्हा खुरपायला लागली. दादा, 'एकटी' या शब्दाला हेही उत्तर असू शकतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. आपल्याकडे तो शब्द निघाला की सगळे माझ्याकडे, डॉक्टरने वाईट बातमी दिल्यासारखे बघतात.

नदी इथे संथ आहे. काठाला सपाट दगड आहेत, त्यांवर बसून मी डबा खाल्ला. दोन दगड शेजारी शेजारी होते.

गोठेवाले आजोबा तुला आवडतील. गाईंशी बोलतात आणि बायकोशी भांडतात. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. मी पिशवीतून माझा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला (तो मी कुठेही बरोबर नेते, हसू नकोस), मळ साफ केला, स्क्रू बसवला, नाकावरचे टेकू सरळ केले. आजोबांनी चष्मा घातला, बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, तू तर म्हातारी झालीस!" आजी म्हणाल्या, "पोरी, तो दोरा परत बांध."

मग आजोबांनी विचारलं, "दुकान आहे का तुमचं?"

मी म्हटलं, आहे. पुढे काउंटरवर माझी थोरली बहीण, मागच्या खोलीत काचा घासायला मी. पत्ताही सांगितला, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासकट. दादा, हे सगळं मी वर्तमानकाळात सांगितलं. आजींनी विचारलं, "मग बहीण कुठाय?" मी म्हटलं, "पायाला फोड आलाय, लॉजवर थांबलीय. मागून येईल." आजींनी तिच्या वाटणीचं दूध झाकून ठेवलं.

तू म्हणतोस, "दुकान चालवणं म्हणजे बोलणं, आणि तुझ्या तोंडातून तर शब्द फुटत नाही." लहानपणी तू मला मुकी म्हणायचास. मला त्याचा राग नव्हता. माझ्या वाटचं बोलणारं माणूस घरातच होतं, मग मी कशाला तोंड उघडू?

यावर पुढच्या पत्रात लिहीन. आता हात दुखतोय.

तुझी,
धाकटी


दि. ८ ऑक्टोबर

दादा,

वहिनींची तब्येत आधीच विचारून घेते, कारण पुढे विचारायची राहील. आता जे झालं ते सांगते. तुला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळू दे.

काल दुपारी मी फळबागवाल्या बाईंच्या घरी पोहोचले. घर उतारावर आहे, खाली नाशपातीची झाडं आणि त्यांच्याखाली नदी. वर कुठेतरी पाऊस झाला होता, पाणी वाढलं होतं. बाई उंच, दणकट, बोलायला फटकळ. त्यांनी विचारलं, "मागच्या बाई लाकडी पुलावरून येणार ना? तो निसरडा झालाय. काय म्हणता तुम्ही त्यांना?" मी म्हटलं, "ताई." "बरं," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी वर जाऊन बुटांसकट आडवी झाले आणि मला झोप लागली.

तेवढ्यात बाईंनी मागे फोन केले. गोठेवाले म्हणाले, त्या तर लॉजवर थांबल्यात. लॉजवाले काका म्हणाले, छे, त्या तर परवा पहाटेच निघाल्या. कारण काकांना मी निघताना सांगितलं होतं की ती पहाटेच पुढे निघाली. दुसऱ्या खाटेची चादरही मी विस्कटून ठेवली होती. हे मी का केलं, विचारू नकोस. घडी न मोडलेली खाट मला बघवली नाही.

म्हणजे वरच्यांना वाटत होतं ती खाली आहे, खालच्यांना वाटत होतं ती वर आहे, आणि मध्ये चढलेली नदी.

मला जाग आली तेव्हा दिवस मावळत होता. खिडकीतून बघितलं तर नदीच्या दोन्ही काठांनी माणसं पसरली होती. हातात कंदील, बॅटऱ्या. बागेतले गडी, खालच्या मळ्यातल्या त्या खुरपणाऱ्या दोघी आणि त्यांच्याबरोबर दुधाच्या गाडीतून आलेले गोठेवाले आजोबासुद्धा, काठी टेकत. नाव कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे मला विचारून घेतलेली एकच हाक मारत होते. "ताई! ओ ताई!" बाप्यांचा आवाज, बायकांचा आवाज, पुढे आजोबांचा कापरा आवाज. "ताई! आवाज द्या!"

दादा, मी त्यांना लगेच थांबवलं नाही. खिडकीची चौकट धरून ऐकत उभी राहिले. ती गेल्यापासून तिला कोणीच हाक मारली नव्हती. तू नाही, मी नाही. आपण 'ते झालं', 'ते झाल्यावर' असं बोलतो, आणि दुकानाचं काय करायचं ते ठरवतो. इथे कधी न पाहिलेली माणसं चिखलात उतरून तिला हाका मारत होती. मला वाटलं, अजून एकदा. अजून एकदाच.

मग एक गडी लाकडी पुलावर चढलेला दिसला, आणि मी जिना उतरून पळत सुटले. फाटकाशी उभी राहून ओरडले, "ताई येणार नाही!"

नदीच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. पलीकडून एकजण ओरडला, "काय?"

"ताई वारली!"

"काय? मोठ्याने!"

"वारली! माझी ताई वारली! शोधू नका!"

माझा एवढा मोठा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. हाका थांबल्या. मग ती सगळी माणसं एकेक करून वर आली. सगळ्यांत पुढे बाई. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"मे महिन्यात."

"आणि आमची माणसं ऑक्टोबरात नदीत उतरवलीत! त्या पुलावर माझ्या गड्याचा पाय घसरला असता म्हणजे?"

मी म्हटलं, "चुकले."

"चुकलातच. आता आत या. दोघींचं जेवण केलंय. दोघींचं खायचं, टाकायचं नाही."

मी खाल्लं, दादा. सगळं. मे महिन्यापासून एवढं जेवले नव्हते. बाई समोर बसून राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, "कशी होती?" मी सांगायला लागले. गिऱ्हाईक चष्मा लावून आरशात बघायला लागलं की ती मागच्या खोलीत ओरडायची, "बघ गं, शोभतोय का!" मी न बघताच "शोभतोय" म्हणायचे. बाई हसल्या. मग हसू आवरून त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "खालच्या, वरच्या सगळ्या घरांना कळवायला हवं, नाहीतर उद्याही लोक शोधतील. तुम्ही गोंधळ घातलात, तुम्हीच सांगा. मी नंबर लावून देते."

मी प्रत्येक घरी स्वतः सांगितलं. पहिल्या फोनला वाक्य दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. लॉजवाले काका म्हणाले, "टॉवेल तरी दोन कशाला वापरलेत, बाई?" आणि दोघंही हसलो. शेवटच्या घरापर्यंत माझा आवाज सरळ झाला होता. "माझी बहीण वारली आहे. मी एकटीच येतेय. एकीचंच जेवण ठेवा."

तर दादा, आता तुला सांगते.

ताईला ही दरी चालायची होती, तेव्हा आपण सगळे म्हणालो, "बरी झालीस की जा." कोणाचाच दोष नाही, प्रेमानेच म्हणालो. पण तुझी ती अभ्यासाची खोली मला तशीच वाटते. प्रेमाने दिलेली आणि जिथून कुठे जायचं नसतं अशी. मी तिथे येणार नाही. ताई आणि मी राहायचो त्याच घरी राहीन. सणासुदीला, आजारपणात तू ये, मी येईन, ते चालूच राहील.

दुकान मी चालवणार आहे. काउंटर मागच्या खोलीच्या दाराशी ओढून घेईन, म्हणजे काचा घासताना गिऱ्हाईक दिसेल. कमी बोलून चष्मे विकता येतात का, ते बघते. 'नंबर वाढलाय' हे सांगायला दोनच शब्द लागतात. आणि आता मी न बघता 'शोभतोय' म्हणणार नाही. नाही शोभला तर नाही शोभत म्हणून सांगेन. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

त्या मोबाइलवाल्याला नाही म्हणून सांग. तू शब्द देऊन बसलास आणि आता मागे घ्यायला अवघड वाटत असेल, तर त्याचा नंबर घड्याळवाल्याकडे ठेव. मीच फोन करीन. फोनवर नको असलेलं सांगायला हल्ली मला जमतं.

लोक काय म्हणतील ते तू मला सांगणार आहेस. सांग. पण आधी इथल्या लोकांनी काय केलं ते त्यांना सांग.

अजून दरीचं वरचं टोक राहिलंय. नदी जिथून सुरू होते ती जागा ताईने नकाशावर लाल पेन्सिलने गोल करून ठेवली होती. ती बघितल्याशिवाय मी परत फिरणार नाही, त्यामुळे न्यायला येऊ नकोस. सकाळी निघताना बाईंनी पुढच्या घरी फोन केला. मी ऐकत होते. "एक बाई निघाल्यात," म्हणाल्या. "हो, एकच. पण नीट लक्ष ठेवा, आवाज मोठा आहे त्यांचा."

दुकानाची किल्ली तुझ्याकडे आहे, ती सोमवारच्या आत घड्याळवाल्याकडे पोहोचव. कुलूप मीच उघडणार.

तूच नाव ठेवलेली,
मुकी