खाली राखजो

कुशल,

रात्री प्रवास करून आलास, म्हणून उठवलं नाही. मी हॉस्पिटलात जातेय. बाबा अजून बोलत नाहीत, डोळेही उघडत नाहीत. पोहे कढईत आहेत. येताना त्यांची शाल आण.

पादरा गावाहून सुतार रमणभाई येतील. बाबांनी आजारी पडायच्या आधी त्यांच्याकडून कुंपणाला नक्षीची पॅनेलं लावून घेतली. फक्त झोपाळ्यासमोरची लाकडी चौकट उघडी राहिलीय, तिचं पॅनेल जिन्याखाली आहे. हे का राहिलं, म्हणून काल रमणभाईंना विचारलं, तर म्हणाले, "साहेबे कह्युं'तुं, आ खाली राखजो." मी वैतागले. म्हटलं, अहो, बाबांना आमचं मराठी 'खाली' म्हणायचं असेल. खालून फट ठेवा, पावसाचं पाणी लाकडात मुरायला नको. तुम्ही तुमचं गुजराती 'खाली' समजून चौकट रिकामीच ठेवलीत! आज लावून देतो म्हणाले.

आज सकाळी मी चहा घेऊन झोपाळ्यावर बसले. त्या चौकटीतून आपलं फाटक दिसतं आणि पुढे रिक्षा वळते तिथपर्यंतचा रस्ता. दुसरं काही नाही. तू भांडून गेलास तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी तिथेच बसायचे. वारा लागतो म्हणायचे.

पॅनेल लावायचं की नाही, ते रमणभाईंना तूच सांग. मला काही सुचत नाही. बाबा त्यांच्याशी मराठीत कधी बोललेच नाहीत.

ताई