भोवऱ्याचा डबा

आष्टी, ता. परतूर
१२ फेब्रुवारी १९७६

प्रिय मच्छिंद्र,

बद्रीनाथ मिस्त्रींनी तुला माझगावला परत बोलावलं आणि तू नाही म्हणालास, हे गावातला संपत सांगून गेला. अंबडच्या बाजारात भेटला होतास म्हणे त्याला. ‘ज्याला डावं-उजवं कळत न्हाई, त्यानं बोटीला हात लावू न्हाई,’ असं म्हणालास. त्याने हसत सांगितलं, मला काही हसू आलं नाही. तुझ्यासारखा हात त्या गोदीत दुसरा नव्हता, आणि तू आता अडतीवर पोती शिवत बसणार?

माझं विचारशील तर इथे ऑइल इंजिनं दुरुस्त करतो. थकलोय रे. वय चौतीस, पण पाना उचलला की खांदा साठीचा वाटतो. बेबीनंदा म्हणते, ‘मुंबईचं काम सोडून आलात तं आलात, मंग इथं तरी बराबर ध्यान द्या की.’ तिला काय सांगणार? गावात कुणी विचारलं, तिकडे काय करत होतास, तर सांगतो, श्रीमंतांच्या यॉटला पंख बसवत होतो. लाटेवर बोट डुलू नये, शेठाणीच्या कपातला चहा सांडू नये म्हणून. लोकांना थाप वाटते. खरं तर पहिल्या दिवशी आपल्यालाही हसूच आलं होतं. दोघंही कोरडवाहू गडी, पोहायला एकालाही येत नव्हतं.

तू मात्र ते काम पटकन उचललंस. बोटीच्या पोटाला दोन्ही अंगांनी भोकं पाडायची, पंखांचे दांडे बसवायचे, आणि तरी पाण्याचा थेंब आत येऊ द्यायचा नाही. आणि आत तो भोवऱ्याचा डबा. बोट कलली की त्याला आधी कळतं आणि तो पंखांना हुकूम सोडतो. उजवीकडे कलली तर उजव्या पंखाची पुढची कड वर उठली पाहिजे, म्हणजे पाणीच बोटीला उचलून धरतं. डबा उलटा बसला तर पंख सावरायचं सोडून तिला आणखी लोटतात. मिस्त्री आपल्याच जालन्याकडचे. रोज बजावायचे, ‘डावं-उजवं बोटीच्या नाकाकडं तोंड करून बघा रे, बिलकुल इसरू नका.’

त्या पांढऱ्या यॉटचा डबा तू बसवलास. चाचणीला ती भर समुद्रात अशी आडवी झाली की तू कठड्यावर आदळलास आणि हात मोडला. चौकशीत साहेबांनी विचारलं, डबा कुणी बसवला? तू धड होता तो हात वर केलास. मी शेजारी उभा होतो, बुटांकडे बघत. तू गेल्यावर दोन महिन्यांत मीही काम सोडलं. दोस्तीखातर सोडलं, असं तू सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरलास. गावाकडे आपले पाणवठे वेगळे, पण खोलीवर एका ताटात जेवलो होतो आपण. ते कौतुक ऐकलं की अन्न गोड लागत नाही.

अंबडची एसटी मी दोनदा पकडली आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत उतरलो, म्हणून हे कागदावर. त्या दिवशी तू जेवायला गेलास तेव्हा डबा सैल करून मी हाताने माझ्या उजवीकडे कलवून बघितला. ‘उजवा’ असं रंगवलेला दांडा मला उलटा फिरताना दिसला. वाटलं, मच्छिंद्र चुकला. त्याला न सांगता नीट करू, म्हणजे मिस्त्रींसमोर त्याची पत राहील. थोडी गुर्मीही होती, खोटं कशाला बोलू. मी डबा फिरवून आवळला. मी शेपटाकडे तोंड करून उभा होतो रे. तुझं सगळं बरोबर होतं. यॉट धक्क्याला लागेपर्यंत मला ते कळलं होतं, तरी मी गप्प बसलो. मिस्त्रींना हे सगळं लिहून मी कालच पत्र पेटीत टाकलंय. तुला आधी कळलं असतं तर तू मला अडवलं असतंस. आता हव्या तेवढ्या शिव्या दे, पण कामावर जा.

तुझाच म्हणवून घ्यायला लाजणारा,
वसंता